यादी कोणाच्या हाती?

२२ मे १९९७ रोजी पहाटे चार वाजून गेल्यावर जबलपूर शहर आणि त्याच्या आग्नेयेकडचा नर्मदाकाठचा मुलूख भूकंपाने हादरला. भूकंपाचे केंद्र कोसमघाट या खेड्यानजीक होते आणि तीव्रता सहाच्या आसपास होती. चाळिसाच्या जवळपास माणसे मृत्युमुखी पडली. आठ हजारांहून अधिक घरे भुईसपाट झाली आणि पन्नास हजारांवर घरांच्या भिंती कलल्या, छपरे खचली. जबलपूर आणि मंडला या जिल्ह्यांना सर्वांत मोठा तडाखा बसला. शिवनी व छिंदवाडा जिल्ह्यांतही हानी झाली. याच्या साडेतीन वर्षे आधी, ३० सप्टेंबर १९९३ रोजी, किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार लोकांचा बळी गेला होता. त्या मानाने जबलपूरचा आकडा किरकोळ वाटला आणि देशाच्या स्मरणातून तो भूकंप लवकरच पुसला गेला. मे महिन्याच्या उकाड्यात घराबाहेर निजण्याची रीत अनेकांचे प्राण वाचवून गेली असणार. पण प्राण वाचले म्हणून संसारही वाचले असे मात्र घडले नाही.

मृतांच्या आकड्यावरून आपत्ती लहान की मोठी हे ठरवण्याची पद्धत राज्यकर्त्यांच्या सोयीची आहे. जे वाचले, परंतु ज्यांचे राहणे, कमावणे आणि एकमेकांच्या आधाराने जगणे मोडून पडले, त्यांचा हिशेब कोणत्याही सरकारी तक्त्यात बसत नाही. हा हिशेब ज्याच्या दारात दररोज येऊन उभा राहतो असा एकच लोकनियुक्त माणूस असतो. तो म्हणजे वॉर्डाचा नगरसेवक, जबलपूरच्या बोलीत पार्षद. आमदाराला मतदारसंघ दिसतो, जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा दिसतो. कोणत्या गल्लीत कोणाची चूल पेटलेली नाही हे पार्षदाला दिसते, निदान दिसले पाहिजे. असे असताना २०२५ साली आपत्ती व्यवस्थापन कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने महानगरपालिका असलेल्या मोठ्या शहरांसाठी नागरी आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण स्थापण्याची तरतूद करताना महापालिका आयुक्ताला अध्यक्ष आणि जिल्हाधिकाऱ्याला उपाध्यक्ष नेमले. गल्ली ज्याला दिसते त्याला या दोन खुर्च्यांपैकी एकही मिळालेली नाही. कष्टकऱ्यांच्या संघटनांमध्ये या तरतुदीची व्हावी तितकी चर्चा झालेली नाही. जबलपूरच्या अनुभवाकडे पुन्हा वळण्याचे कारण ते आहे.

मराठी वाचकाला जबलपूर परके नाही. १८१७ पर्यंत ते नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होते, आणि १९५६ साली राज्यांची पुनर्रचना होईपर्यंत नागपूर ही त्याची राजधानी होती. परंतु या शहराची आजची घडण इंग्रजांच्या तोफखान्याने आणि विडीच्या कारखानदारांनी केली. १९०४ साली तोफगाड्यांचा कारखाना निघाला, दुसऱ्या महायुद्धात खमरियाचा दारूगोळ्याचा कारखाना उभा राहिला आणि १९६९ साली लष्करी वाहनांचा. या कारखान्यांभोवती सरकारी वसाहती झाल्या. तेथे आखलेले रस्ते, इस्पितळ, शाळा आणि कायम नोकरी करणाऱ्या कामगारांची भक्कम युनियन होती. याच शहराच्या दुसऱ्या अंगाला, हनुमानताल, गोहलपूर, घमापूर अशा दाट वस्त्यांत विडी वळणाऱ्या बाया, विणकर, सलवार-सूट शिवणारे कारागीर आणि हमाल राहत आले. त्यात पुढे बरगी धरणाने उठवलेल्या माणसांची भर पडली. त्या धरणाच्या पाण्याने १६२ गावे बाधित झाली आणि कालपर्यंत शेत कसणारी पुष्कळ माणसे जबलपुरात येऊन सायकलरिक्षा ओढू लागली.

भूकंपाच्या दृष्टीने ही दोन शहरे होती. सरकारी वसाहतीतल्या घराला तडा गेला तर दुरुस्ती करणारा विभाग ठरलेला असतो, आणि दुरुस्ती होईतो कामगाराचा पगार चालू राहतो. दाट वस्तीतल्या मातीच्या भिंतीचे आणि कौलारू छपराचे तसे नाही. तेथे घर पडले की घराबरोबर आणखी काय पडते, हे समजून घेतल्याशिवाय मोहल्ल्याच्या पुनर्वसनाची कोणतीही चर्चा पोकळ ठरते. (धनिकांच्या नव्या इमारतींनाही निसर्गाने सूट दिली नाही, हे जाता जाता नोंदवले पाहिजे. तळमजला मोटारींसाठी मोकळा ठेवून केवळ खांबांवर उभ्या केलेल्या बहुमजली इमारतींचे खांबच या भूकंपात फुटले. त्या आराखड्यांना मंजुरी देणारी यंत्रणा आणि गरिबाची भिंत कच्ची म्हणून नाक मुरडणारी यंत्रणा एकच होती.)

मध्य प्रदेशात नैसर्गिक आपत्तीतील मदत राजस्व पुस्तक परिपत्रकाच्या ६ (४) या कलमानुसार दिली जाते. घर पक्के की कच्चे, की नुसती झोपडी. ते पूर्ण नष्ट झाले, गंभीर क्षती झाली की अंशतः पडले. असे रकाने असतात. पटवारी येतो, पंचनामा करतो, घरमालकाचे नाव लिहितो आणि यादी तहसीलीत जाते. पद्धत म्हणून यात वावगे काही नाही. सरकारी पैसा नोंदीशिवाय वाटता येत नाही हेही मान्य. परंतु जो रकान्यात बसत नाही तो या पद्धतीत अस्तित्वातच नसतो. एका घरात तीन भावांच्या तीन चुली असतील तर घर एक म्हणून मदत एक. घर भाड्याचे असेल तर भिंतीचे पैसे मालकाला. भाडेकरूचे भांडे फुटले, धान्य मातीत मिसळले, निवारा गेला, तरी यादीच्या लेखी त्याचे विशेष काही गेलेले नाही. उलट पडक्या घराच्या निमित्ताने जुना भाडेकरू बाहेर काढण्याची संधी मालकाला मिळते. जागा सरकारी असेल आणि कागद नसेल, तर पंचनामा करणारा दारावरून पुढे जाण्याचाही संभव असतो. बरगीच्या पाण्याने एकदा उठलेला आणि शहरात नाल्याच्या कडेला पाल ठोकून राहिलेला माणूस नेमका याच शेवटच्या वर्गातला.

विडी वळणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर हा रकाना उघड अन्याय करतो. ती ज्या खोलीत राहते त्याच खोलीत तिचा कारखाना असतो. सट्टेदाराकडून तेंदूची पाने, तंबाखू आणि सूत आणायचे, पाने भिजवून कातरायची, दिवसभर सूप मांडीवर घेऊन वळायचे आणि वळलेला माल कोरडा ठेवून मोजून द्यायचा. नापास म्हणून छाटलेल्या विड्यांचे पैसे बुडतात, ते वेगळेच. छप्पर गेले की पाने वाळून चुरतात किंवा भिजून कुजतात, तंबाखूला ओल लागते. सट्टेदाराच्या वहीत मात्र कच्चा माल तिच्या नावावर मांडलेलाच असतो. म्हणजे एका धक्क्याने घर जाते, रोजगार जातो आणि डोक्यावर कर्ज बसते. मे महिन्याच्या बाविसाव्या तारखेला घर पडले आणि जबलपुरात पाऊस जूनच्या मध्यानंतर सुरू होतो. छप्पर उभे करायला जेमतेम चार आठवडे. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून काम करणाऱ्या या स्त्रीला कामगार म्हटले, १९७६ च्या कायद्याने तिच्यासाठी कल्याण निधी निर्माण केला. परंतु पंचनाम्याच्या कागदावर ती कामगार नसते. तेथे ती फक्त एका कच्च्या घरातली रहिवासी असते, आणि घर नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्या नावावर असेल तर तेवढीही नसते.

यापलीकडे मोहल्ल्यात असे पुष्कळ असते की ज्याची किंमत कोणीच लावत नाही. किराणा दुकानदार ओळखीवर उधार देतो, शेजारची म्हातारी कामावर गेलेल्या आईची मुले सांभाळते, एका नळावर पाण्याची पाळी ठरलेली असते आणि संध्याकाळी ओट्यावर बसून कोणाला कोठे काम आहे याची बातमी लागते. गरीब माणूस या अलिखित व्यवस्थेच्या जोरावर तुटपुंज्या मजुरीत महिना काढतो. घर पाडून चार कोस दूर नवी खोली दिली तर अभियंत्याच्या दृष्टीने पुनर्वसन पूर्ण झालेले असते, पण ही सारी व्यवस्था जुन्या जागीच राहून जाते. पुनर्वसनाची घरे मिळूनही लोक ती विकून किंवा भाड्याने देऊन जुन्या वस्तीच्या आसपास परततात, तेव्हा त्यांना कृतघ्न ठरवणारे अग्रलेख वृत्तपत्रांत येतात. त्या माणसाने नव्या खोलीपासून कामापर्यंतचे बसभाडे आणि बुडालेली उधारी यांचा हिशेब घातलेला असतो. अग्रलेख लिहिणाऱ्याने तो घातलेला नसतो.

जबलपूरने याआधी आणखी एका प्रकारची पडझड पाहिली होती, आणि तिचा पंचनामा आजतागायत झालेला नाही. फेब्रुवारी १९६१ मध्ये येथे जातीय दंगल उसळली. सरकारी आकड्यानुसार ५५ माणसे मारली गेली. आग सागर, दमोह, नरसिंहपूरपर्यंत पोचली. एका तरुणीवरील अत्याचार आणि तिची आत्महत्या या दुःखद घटनेला धर्माचा रंग देण्यात आला. विडीच्या धंद्यात हिंदू आणि मुसलमान कारखानदारांमध्ये चाललेली स्पर्धा या वणव्यामागे होती, हे पुढे अनेक अभ्यासकांनी दाखवून दिले. फाळणीनंतरच्या दशकात सारे शांत झाले असे समजणाऱ्या देशाला त्या दंगलीने खडबडून जागे केले. त्याच वर्षी सप्टेंबरअखेर दिल्लीत राष्ट्रीय एकात्मता परिषद भरवावी लागली. मालकांच्या स्पर्धेत घरे मात्र विडी वळणाऱ्यांची जळली. एकाच सट्टेदाराकडे एकाच रांगेत माल मोजून देणाऱ्या दोन धर्मांच्या बाया त्यानंतर एकमेकींच्या गल्लीत जाताना बिचकू लागल्या, तर त्या नुकसानीसाठी कोणत्या परिपत्रकात रकाना आहे?

दंगलीनंतरची डागडुजी भूकंपानंतरच्या डागडुजीपेक्षा फसवी असते. दुकाने पुन्हा उघडतात, रस्ते वाहू लागतात आणि शहर सावरले असा निर्वाळा देण्यात येतो. मिश्र वस्तीतले एक कुटुंब आज, दुसरे पुढल्या वर्षी, घर विकून आपल्या लोकांत राहायला जाते. कोणी बळजबरी केलेली नसते, तक्रार नोंदवलेली नसते. वीस वर्षांनी वॉर्डांच्या सीमा आखताना एक वॉर्ड एका धर्माचा आणि शेजारचा दुसऱ्याचा झालेला आढळतो. मग उमेदवाराला रस्त्याच्या पलीकडे मत मागायला जावेच लागत नाही. दोन बाजूंच्या माणसांची मते लागत होती तोवर नळाच्या भांडणात समेट घडवणे त्याच्या स्वार्थाचेही होते. ती गरज संपली की भांडण पेटते ठेवण्यात त्याचा लाभ असतो. जातीयवादाची चर्चा विचारसरणीच्या पातळीवर होते ती योग्यच आहे, परंतु त्याची मुळे वॉर्डाच्या नकाशात कशी रुजतात याकडे लोकशाहीवादी शक्तींचे दुर्लक्ष झाले आहे.

याच जबलपूरला भवानीप्रसाद तिवारींसारखा समाजवादी कवी अनेकदा महापौर म्हणून लाभला होता. ‘प्रहरी’ या त्यांच्या साप्ताहिकातून हरिशंकर परसाईंच्या लेखणीची सुरुवात झाली, आणि नगरपालिकेतले ठेकेदार, दाखल्यासाठी हेलपाटे घालणारा सामान्य माणूस, दंगलीच्या आधी गायब आणि नंतर शांतता समितीत पहिल्या खुर्चीवर बसणारा पुढारी, अशा नमुन्यांचा भरपूर माल या शहराने परसाईंना पुरवला. स्थानिक राजकारण हे क्षुद्र राजकारण असे मानणाऱ्या क्रांतिकारकांनी परसाई पुन्हा वाचावेत.

आता प्रश्न असा की पार्षदाला हे सारे दिसत असूनही तो करतो काय? जबलपूर महापालिकेचे ७९ वॉर्ड आहेत. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या साडेदहा लाखांवर होती. म्हणजे एका पार्षदामागे तेरा हजारांहून अधिक माणसे. ७४ वी घटनादुरुस्ती १ जून १९९३ पासून अमलात आली, मध्य प्रदेशाने १९९४ मध्येच निवडणुका घेतल्या, आणि १९९७ चा भूकंप झाला तेव्हा शहरात लोकनियुक्त पार्षद होते. त्या घटनादुरुस्तीच्या बाराव्या परिशिष्टातील अठरा विषयांत झोपडपट्टी सुधारणा आणि नागरी दारिद्र्य निर्मूलन हे विषय आहेत. तीन लाखांवर लोकसंख्येच्या शहरांत वॉर्ड समित्या असाव्यात असेही घटना सांगते. परंतु आपत्तीतील मदत महसूल खात्याच्या हातात राहिली. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणात जिल्हाधिकारी अध्यक्ष आणि स्थानिक संस्थेचा लोकनियुक्त प्रतिनिधी सहअध्यक्ष अशी रचना केली, तेवढे एक पाऊल पुढे पडले होते. २०२५ च्या दुरुस्तीने शहरांच्या बाबतीत ते मागे घेतले आहे.

हाती अधिकार नसलेल्या आणि दारात गर्दी असलेल्या माणसाचा हळूहळू दलाल होतो. यादी त्याने केलेली नसते, पण यादीत नाव घालून देतो असे तो सांगू शकतो. रहिवासी असल्याचा दाखला, शिधापत्रिकेसाठी शिफारस, पटवाऱ्याला एक फोन, यांवर त्याचा दरबार चालतो. ज्याचे काम झाले तो त्याचा, न झाले तो विरोधकाचा. मोहल्ला अशा रीतीने एकेका अर्जदारात विभागला जातो. हा दोष एका पक्षाचा नाही. डाव्या चळवळीतून निवडून आलेले अनेक प्रामाणिक नगरसेवकही दाखल्यांच्या या चक्कीत अडकून पडले, सकाळपासून रात्रीपर्यंत राबले आणि पाच वर्षांनी पराभूत झाले, कारण व्यक्तिगत उपकाराच्या बाजारात भांडवली पक्षांचे दुकान नेहमीच मोठे असणार.

याउलट यादी सामूहिक झाली की काय घडू शकते, आणि काय घडत नाही, याचा दाखला महाराष्ट्रातच आहे. किल्लारीनंतर जागतिक बँकेच्या कर्जातून मोठा कार्यक्रम आखला गेला आणि ५२ गावांचे नव्या जागी पुनर्वसन झाले. त्यात घराचा आकार जमिनीच्या मालकीवरून ठरला. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. भूकंपाने सर्वांना सारखे उघड्यावर आणले होते. सरकारने त्यांना पुन्हा वर्गावर्गांत बसवून दिले, तेही सिमेंटमध्ये. यादी आणि निकष वरून आले की गावाची जुनी विषमता नव्या आराखड्यात कायम होते. पण त्याच कार्यक्रमात ज्या गावांतील घरे जागच्या जागी दुरुस्त करायची होती, तेथे गावातल्याच स्त्रियांना संवाद सहायक म्हणून नेमण्यात आले. पैसा किती आला, कशासाठी, सिमेंट कोठे अडले, भिंतीत आडवे दगड का घालायचे, हे घरोघर जाऊन सांगणाऱ्या या बायांनी अधिकाऱ्यांना हिशेब विचारायला सुरुवात केली. दोन्ही गोष्टी एकाच योजनेत घडल्या हे विसरू नये.

विडी कामगारांचेच उदाहरण हवे असेल तर सोलापूरकडे पाहावे. कॉम्रेड नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली दीर्घ लढ्यानंतर कुंभारी येथे गोदूताई परुळेकरांच्या नावाने दहा हजार विडी कामगार स्त्रियांची घरे उभी राहिली आणि २००६ मध्ये ती त्यांच्या ताब्यात आली. पुढे तीस हजार घरांच्या रे नगर प्रकल्पातील पहिली पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये देण्यात आली. ही आपत्तीनंतरची उभारणी नव्हती, हा फरक ध्यानात ठेवला पाहिजे. शिवाय शहराबाहेरच्या इतक्या मोठ्या वसाहतीला पाणी, बस आणि रोजगार यांचा झगडा पुढेही करावाच लागतो. पण तेथे लाभार्थींची यादी कामगारांच्या संघटनेच्या सभांतून तयार झाली. आपले नाव यादीत का आहे हे त्या स्त्रीला ठाऊक होते. कोणाच्या मेहेरबानीने ते तेथे आले नव्हते.

बरगीच्या विस्थापितांनीही असेच एक दार काही काळ उघडून दाखवले. लढा देऊन १९९४ मध्ये त्यांच्या सहकारी संघाने ज्या पाण्याखाली आपली शेते गेली त्याच जलाशयात मासेमारीचा हक्क मिळवला. पुढे तो हक्क त्यांच्याकडून काढून घेण्यात आला. सामूहिक हक्क मिळवण्याइतकेच तो टिकवणे अवघड असते, आणि टिकवण्यासाठी नगरपालिकेत, पंचायतीत, विधानसभेत आपले माणूस असणे आवश्यक असते. जनआंदोलने निवडणुकीच्या राजकारणाकडे पाठ फिरवतात तेव्हा त्यांचे नुकसान येथे होते.

लोकनियुक्त प्रतिनिधी नसले तर काय होते याचा प्रयोग तर नुकताच होऊन गेला आहे. जबलपूरसह मध्य प्रदेशातील महापालिकांची मुदत २०२० च्या सुरुवातीपर्यंत संपली आणि निवडणुका जुलै २०२२ मध्ये झाल्या. मधल्या काळात कारभार प्रशासकांकडे होता, आणि तोच काळ कोरोना महामारीचा होता. एप्रिल-मे २०२१ मध्ये प्राणवायूसाठी धावाधाव करणाऱ्या माणसाने ज्याला जाब विचारायचा तो पार्षद अधिकृतपणे अस्तित्वातच नव्हता. त्यानंतर सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने मृतांच्या नातेवाइकांना ५० हजार रुपये देण्याचे ठरले, तेव्हा पुन्हा यादी आली, पुन्हा कागद आले. घरीच मेलेल्या, तपासणी न झालेल्या माणसाचा मृत्यू कोणत्या रोगाने झाला हे सिद्ध करायचे कोणी? मोहल्ल्याला ते ठाऊक होते, पण मोहल्ल्याची साक्ष घेणारी संस्थाच बरखास्त होती. महाराष्ट्राने यावरून मध्य प्रदेशाकडे बोट दाखवू नये. मार्च २०२२ पासून मुंबई महापालिकाही तीन वर्षांहून अधिक काळ प्रशासकाच्या हाती होती.

जबलपूरच्या कारखाना वसाहतींचे चित्रही या काळात बदलले आहे. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या करण्यात आल्या. संपाचा हक्क अगोदरच कायद्याने बांधून टाकला होता. जबलपूरचे तीन जुने कारखाने तीन वेगवेगळ्या कंपन्यांत गेले. कायम कामगारांची युनियन आजवर केवळ पगाराचे भांडण करीत नव्हती. वसाहतीतली ग्रंथालये, गणेशोत्सव, दुर्गापूजा, खेळाची मैदाने, शहरात ताण वाढला की फाटकावर होणाऱ्या एकजुटीच्या सभा, हे सारे त्या कायम नोकरीच्या पायावर उभे होते. कंत्राटी कामगार वसाहतीत राहत नाही. तो गोहलपूर, घमापूरच्या भाड्याच्या खोलीत राहतो. म्हणून युनियनच्या कार्यकर्त्याला यापुढे कारखान्याच्या फाटकाइतकाच त्या खोलीचा पत्ता माहीत असला पाहिजे.

मध्य प्रदेशातील नागरी संस्थांत निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. अनेक वॉर्डांत निवडून आलेल्या बाईंऐवजी त्यांचे पतिराजच दरबार भरवतात, हा विनोदाचा विषय झाला आहे. परंतु घरात किती चुली, कोण भाडेकरू, कोणाची पाने भिजली, हे त्या बाईंना पतिराजांपेक्षा अधिक ठाऊक असते. संवाद सहायकांना किल्लारीत जे जमले ते मोहल्ल्यातल्या स्त्रियांना जमणार नाही असे मानण्याचे काही कारण नाही.

जबलपूर भूकंपप्रवण नकाशाच्या तिसऱ्या पट्ट्यात येते. १९९७ च्या भूकंपाचे मूळ जमिनीखाली सुमारे पस्तीस किलोमीटरवर होते. तेथे पुन्हा हालचाल कधी होईल हे कोणी सांगू शकत नाही. नाल्यांना पूर तर दरवर्षी येतो आणि दाट वस्तीत आग लागायला निमित्त लागत नाही. तेव्हा शाखांनी आपत्तीची वाट न पाहता वॉर्डाची स्वतःची यादी आजच तयार करायला हवी. घरांऐवजी चुली मोजाव्यात. भाडेकरूची नोंद मालकाच्या नोंदीला लागून, पण स्वतंत्र करावी. घरात कोणते काम चालते, विडी, शिलाई की आणखी काही, ते लिहावे. कागद नसलेल्यांची राहण्याची वर्षे शेजाऱ्यांच्या सहीने नोंदवावीत. मिश्र गल्ल्यांत हे काम दोन धर्मांच्या कार्यकर्त्यांच्या जोडीनेच करावे. एकेकट्याला पाठवू नये. वर्षातून एकदा, पाऊस सुरू होण्यापूर्वी, ही यादी चौकात मोठ्याने वाचली जावी आणि ज्याची हरकत असेल त्याने ती तेथेच सर्वांसमक्ष नोंदवावी. एक प्रत तहसीलीत द्यावी, पोच घ्यावी. दुसऱ्या प्रतीवर पार्षदाची सही मागावी, मग तो कोणत्याही पक्षाचा असो. त्याने सही केली तर तो यादीला बांधला गेला; नाही केली तर का नाही, हे त्याने त्याच चौकात सांगावे आणि वाचन पुढे चालू ठेवावे.